पंडिताची चाकरी

गणपतीत अबुधाबीला माझं एक कीर्तन असतं. दरवर्षी एकाच घरी. ते घर आमचं नव्हे. एका काका-काकूंचं आहे. त्यांना या गावात तीसेक वर्षं झाली असतील आणि त्यांच्या व्हिलाचा हॉल असा की सोफे भिंतीला सरकवले की आमचा सगळा मराठी गोतावळा त्यात मावतो. मी काही कीर्तनावर पोट भरत नाही. एका जपानी कंपनीच्या ऑफिसात साहेबांच्या मीटिंगा लावायच्या, त्यांची तिकिटं काढायची आणि कॉफीचं मशीन बिघडलं की बोंब मारायची, ही माझी नोकरी. पुण्यात कॉलेजात असताना आईने संध्याकाळच्या कीर्तनाच्या वर्गाला जबरदस्तीने घातलं होतं. तेव्हा नाक मुरडत गेले आणि आता त्याच विद्येवर परदेशात मिरवते.

ज्यांनी कीर्तन ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कीर्तनाचे दोन भाग. पूर्वरंगात एक विचार घ्यायचा आणि तो नीट उलगडून सांगायचा. मग मध्यंतर. त्यात नामाचा गजर होतो, कीर्तनकाराच्या गळ्यात हार आणि कपाळाला बुक्का. नंतर उत्तररंग, म्हणजे त्याच विचाराला धरून एखाद्याची गोष्ट. तिला आख्यान म्हणतात. पुराणातली गोष्ट चालते, देशासाठी लढलेल्यांचीही चालते. लोक आख्यानासाठीच येतात. पूर्वरंगात माना डोलावतात त्या वेळी निम्मी मंडळी प्रसादाला काय आहे याचा अंदाज घेत असतात, हे मला उभ्याने दिसतं.

तर गेल्या वर्षी आरती झाल्यावर एक गृहस्थ मला म्हणाले, "ताई, आख्यान मस्तच. आता आम्हाला पाठ झालंय." मी हसले. घरी येईपर्यंत माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. पुढच्या वर्षी असं आख्यान करीन की इथल्या एकाच्याही बापाने ऐकलं नसेल, असं मी गाडीतच जाहीर केलं. नवरा गाडी चालवत होता. तो म्हणाला, "कर." त्याचं बोलणं एवढंच असतं.

आमच्या ऑफिसात एक जपानी साहेब होते. साठीच्या जवळ आलेले, दुपारचा चहा पँट्रीत उभ्यानेच पिणारे. मी त्यांना एकदा सहज विचारलं, तुमच्याकडे लोकांसाठी जीव टाकणारा कुणी होऊन गेला का हो? त्यांनी इतका वेळ विचार केला की मी माझा कप धुऊन पुसून ठेवला. मग म्हणाले, "एक आहे. पण त्याने आमचं घर जाळलं."

आता असं कुणी म्हटल्यावर मी कसली सोडतेय! पुढचे कित्येक दिवस पँट्रीत मी त्यांच्याकडून ती गोष्ट काढून घेतली. जे त्यांना आठवत नव्हतं ते घरी बसून इंग्रजीत वाचलं.

हा माणूस दोनशेक वर्षांपूर्वी त्यांच्या एका मोठ्या व्यापारी शहरात पोलिसखात्यात अधिकारी होता. देशावर सत्ता शोगुनची, म्हणजे सेनापतीच्या घराण्याची. बादशहा होता, पण नावापुरता. सगळं खातं लाच खाणारं आणि हा एकटा न खाणारा. त्याने आपल्याच खात्यातल्या चोरांना पकडून दिलं. पुढे त्याला पाठीशी घालणारा वरिष्ठ गेला, तेव्हा यानेही ऐन उमेदीत राजीनामा दिला आणि घरीच पाठशाळा काढली. मोठा पंडित माणूस. पुस्तकांनी घर भरलेलं. त्याची शिकवण साधी होती: एखादी गोष्ट चूक आहे हे तुम्हाला कळलं आणि तरी तुम्ही जागचे हलला नाहीत, तर ती तुम्हाला कळलेलीच नाही.

मग दुष्काळ पडला. रस्त्यात माणसं मरायला लागली आणि त्याच शहरातून तांदूळ राजधानीला रवाना होत होता. पंडिताने शहराच्या अधिकाऱ्याकडे विनंती केली, कोठारं उघडा. त्याने सांगितलं, निवृत्त झालात ना, मग गप्प बसा. सावकारांकडे गेला, त्यांनी दारं लावली. तेव्हा त्याने आपली सगळी पुस्तकं विकली आणि आलेला पैसा गरिबांना वाटून टाकला. तो किती दिवस पुरणार! मग शिष्य आणि शेतकरी गोळा केले, कुठूनशी तोफ मिळवली, आधी स्वतःच्याच घराला आग लावली आणि शोगुनच्या सत्तेवर चालून गेला. अधिकाऱ्यांची घराणी मोठमोठी, पण तोफेच्या आवाजाने अधिकारी घोड्यावरून पडला, असं तिथले लोक अजून हसून सांगतात. वारा सुटला, आग पसरली, सावकारांचे वाडे जळले आणि गरिबांच्या चाळीही जळल्या. दिवस मावळेपर्यंत बंड मोडलं. तो आणि त्याचा मुलगा एका कापडवाल्याच्या घरात कितीतरी दिवस लपले होते. शेवटी पत्ता लागला, घराला वेढा पडला, आणि त्याने आतून आग लावून घेतली.

"आमचं घर त्याच आगीत गेलं," साहेब म्हणाले. "तरी माझे आजोबा त्याचं नाव घेताना गुरुजी म्हणूनच घ्यायचे."

मी त्याच दिवशी घरी येऊन आख्यानाला हात घातला. पुस्तकं विकण्याच्या प्रसंगाला साकी, म्हणजे सावकाश म्हणायचं पद, आगीसाठी कटाव. कटाव म्हणजे धावत्या चालीतलं वर्णन, ते म्हणताना दम लागला पाहिजे. काकांना फोन केला तर त्यांना पहिली काळजी, "अगं, सरकारविरुद्ध वगैरे नाही ना काही? आपण इथे परदेशात आहोत." मी म्हटलं, "काका, जपानच्या सरकारविरुद्ध आहे, आणि ते सरकारही आता नाही." मग त्यांनी परवानगी दिली. पेटी तेच वाजवतात.

तबला माझा नवरा वाजवतो. मुसफ्फा या शहराबाहेरच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका फॅब्रिकेशन यार्डात तो सेफ्टी ऑफिसर आहे. लोखंडाचे मोठे सांगाडे तिथे जोडतात आणि ट्रेलरवर घालून हमरियाच्या बंदरावर पाठवतात. तिथे कुणी हेल्मेट काढलं, कुणी पट्टा न बांधता वर चढला, की याने ओरडायचं. दिवसभर ओरडून येत असल्यामुळे घरी बोलत नाही, असं माझं मत आहे. पण तबल्याला बसला की माणूस बदलतो. माझ्या तालमी रात्रीची जेवणं आटोपली की सुरू होतात आणि त्याला आख्यान माझ्याआधी पाठ होतं.

त्या उन्हाळ्यात यार्डात वेगळंच चाललं होतं. इथे कडक उन्हाच्या महिन्यांत दुपारी उघड्यावर काम करायला कायद्याने बंदी असते. माणसांना सावलीत बसवायचं, पाणी द्यायचं. यांच्या मुदीरने, म्हणजे मॅनेजरने, त्यातून वाट काढली होती. ट्रेलर वेळेत लोड व्हायला हवे होते म्हणून दुपारच्या त्या वेळात तो वेल्डरना पत्र्याच्या शेडमध्ये घालायचा. वर पत्रा, तीन बाजूंना पत्रा, आत वेल्डिंगची मशिनं. "शेड है ना? शेड में सूरज किधर से आता है?" हे त्याचं उत्तर. माझ्या नवऱ्याने त्याला सांगून पाहिलं. एकदा शांतपणे, एकदा चिडून, एकदा हात जोडून. त्या आठवड्यात एक वेल्डर ओकला आणि भिंतीला धरून खाली बसला. हे मला नवऱ्याने नाही, त्याच्या एका सहकाऱ्याच्या बायकोने सांगितलं. भाजी वाढून घेताना तो एवढंच म्हणाला, "कायद्यात बसतं गं ते. माणसात बसत नाही."

मी हातातला डाव खाली ठेवला. कारण मी या माणसाबरोबर सतरा वर्षं संसार केला आहे. तो असं वाक्य बोलला की पुढे काहीतरी करून येतो.

आणि करून आला असता तर आमचं काय होणार होतं ते मला लख्ख दिसत होतं. माझा आणि लेकीचा व्हिसा त्याच्या नोकरीवर. लेक दहावीला. तिची बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये आणि शाळा अबुधाबीत. त्याची नोकरी गेली की घरमालक, शाळा, व्हिसा, सगळं एकामागून एक दारात येऊन उभं राहणार. सरळ त्याला म्हणायला हवं होतं की हे बघा, मला भीती वाटते. पण सरळ बोलण्याची आमच्या घरात पद्धत नाही. आम्ही पंडितावरून भांडायला लागलो. भांडताना तो माझ्यासाठी 'ते' होतो.

"राजीनामा दिल्यावर तो खात काय होता?" मी चिपळ्या वाजवता वाजवता विचारलं.

"शिकवण्या घ्यायचा ना. तूच सांगतेस."

"त्याला निदान शिकवता येत होतं. तुम्ही काय शिकवणार? हेल्मेट घालायला?"

तबला थांबला. "माझा काय संबंध?" ते म्हणाले.

"काही नाही. साकी पुन्हा घेऊ या."

दुसऱ्या दिवशी पुस्तकं विकण्यावरून झालं. ते म्हणाले, त्याने स्वतःची पुस्तकं विकली, बायकोचे दागिने नाही विकले. मी म्हटलं, बायकोला तर त्याने बंडाच्या आधीच घराबाहेर काढून दिलं होतं, हे वाचलंत का? ते म्हणाले, ती वाचावी म्हणून. मी म्हटलं, तिला विचारलं होतं का कुणी? त्यावर ते तबल्याची गादी झटकत बसले.

मग मी आगीवर जोर दिला. कटाव वाढवला, गरिबांच्या चाळी जळण्याच्या ओळी दुप्पट केल्या. ज्यांच्यासाठी उठला त्यांचीच घरं जाळली की नाही त्याने? पुन्हा एकदा विनंती करायला काय झालं होतं?

"चार वेळा केली," ते म्हणाले.

पंडिताने अर्ज किती केले हे मी कुठे वाचलं नव्हतं. मुदीरकडे यांनी चार वेळा केला होता. म्हणजे मला माहीत होता त्यापेक्षा एक जास्त.

लेक आतून ओरडली, "आर यू गाइज सीरियसली फायटिंग अबाउट अ डेड पर्सन?"

"अभ्यास कर," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

असे दिवस गेले. मी मनातून त्या पंडिताला शिव्या घालत होते. जगात एवढी आख्यानं असताना मला हाच मिळाला! तालमीच्या निमित्ताने मीच रोज नवऱ्याच्या कानीकपाळी ओरडत होते की कळलं की उठायचं असतं, हलायचं असतं. दुसरं आख्यान घ्यावं असं दहा वेळा मनात आलं. पण सगळीकडे सांगून झालं होतं, काकांनी ग्रुपवर टाकलं होतं, आणि मी कुणाला मागे सरकलेली दिसणार नव्हते. माझा स्वभाव माझ्या मुळावर येतो तो असा.

कीर्तन शनिवारी संध्याकाळी होतं. मुसफ्फाला शनिवारी सुट्टी नसते. पहाटे निघताना ते म्हणाले, "चारला येतो. तबला गाडीत नको, उन्हात तापेल. जाताना तूच घेऊन जा." चार वाजले, साडेचार वाजले. मी नऊवारी नेसून काकूंच्या हॉलमध्ये उभी आणि यांचा फोन बंद. मी आठ-दहा वेळा लावला. मग लेकीने फोन माझ्या हातातून काढून घेतला.

तेवढ्यात एक ओळखीचे आले. त्यांचं वर्कशॉप मुसफ्फात यांच्या यार्डाला लागून आहे. खुर्चीवर बसता बसता म्हणाले, "वहिनी, आज तुमच्या यार्डात काय लफडं झालं? दुपारी सगळी मशिनं बंद. मुदीरचा आवाज आमच्यापर्यंत येत होता."

"माहीत नाही," मी म्हटलं. म्हणजे केलं यांनी. केलंच.

काका पेटीवर बसले होते. "यल्ला, सुरू करू या," ते म्हणाले. "तबल्यावाचून पूर्वरंग होतो. येईल तो."

मी नमन केलं, पूर्वरंग सुरू केला. विषय माझाच निवडलेला, कळणं आणि करणं. कळून न करणारा माणूस कसा स्वतःला फसवतो हे मी सत्तर माणसांना समजावत होते आणि मनात म्हणत होते, देवा, निदान आजच्या दिवस याला न कळू दे. दृष्टान्त दोनदा सांगितला. कुणाच्या लक्षात आलं नाही. मी फार रंगले आहे असं वाटून पुढे बसलेल्या काकूंनी डोळे मिटून घेतले.

मध्यंतराचा गजर सुरू झाला. काकूंनी मला हार घातला, बुक्का लावला. नारदाच्या गादीवर उभ्या असलेल्या कीर्तनकाराला लहानथोर सगळे वाकून नमस्कार करतात, तशी रांग लागली. मी खाली बघून हात जोडत होते. एक माणूस वाकला आणि त्याच्या मानेवर घामाने चिकटलेली लोखंडाची काळी धूळ दिसली. कपाळावर हेल्मेटची खूण. ते होते. सेफ्टीचे बूट दाराशी काढून तसेच आत आलेले. उभं राहून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि रांग पुढे सरकली. विचारायला सवड नव्हती. गजर जोरात, मागे माणसं. ते जाऊन तबल्यापाशी बसले आणि हातोडीने ठोकत सूर लावायला लागले.

मी उत्तररंग सुरू केला. काय सांगितलं ते मला धड आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मी एक डोळा त्यांच्यावर ठेवला होता. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. नोकरी गेलेला माणूस तबला असाच वाजवेल आणि न गेलेलाही असाच वाजवेल. पंडिताचं बालपण झालं, खातं झालं, राजीनामा झाला, पाठशाळा झाली. दुष्काळ आला. पंडित विनंती घेऊन अधिकाऱ्याच्या वाड्यावर गेला, आणि तिथे मला पुढे बोलवेना. अजून अर्धं आख्यान उरलं होतं. तेवढा वेळ काही न कळता उभं राहणं माझ्याच्याने होणार नव्हतं.

कीर्तनकाराला एक सोय असते. गोष्ट सांगता सांगता तो मध्येच साथीदाराला प्रश्न टाकू शकतो. काय हो पेटीवाले, तुम्हाला काय वाटतं? साथीदार दोन शब्द बोलतो, लोक हसतात, आणि कीर्तनकाराला श्वास घ्यायला मिळतो. मी चिपळ्या खाली घेतल्या आणि वळले.

"काय हो तबलजीबुवा," मी विचारलं, "एवढं बोलून आला पंडित. मग त्याची चाकरी राहिली की गेली?"

लोक हसले. काकांनी पेटीवर एक सूर धरून ठेवला.

त्यांनी मान वर केली. त्यांना कळलं. हात तबल्यावर होते आणि ते सरळ माझ्याकडे बघत होते.

"राहिली," ते म्हणाले. "सोमवारी पहाटे चारला ड्युटी आहे."

पुन्हा हशा झाला. पण पहिल्या ओळीत झांज घेऊन बसलेली आमची लेक मोठ्यांदा म्हणाली, "आई, बट ही हॅड ऑलरेडी रिझाइन्ड! यू जस्ट सेड!"

खरंच होतं. दहा मिनिटांपूर्वी मीच त्याला राजीनामा द्यायला लावला होता. निवृत्त माणसाची चाकरी कशी राहील! सगळा हॉल खदखदून हसला, काकांची पेटी थांबली, आणि मी सगळ्यांत जास्त हसले. माझा जीव भांड्यात पडला होता. इतके दिवस छातीवर बसलेलं ओझं असं भर सभेत उतरलं की मला त्या जपानी अधिकाऱ्यालासुद्धा मिठी मारावीशी वाटली.

पुढचं आख्यान मी वाऱ्यासारखं सांगितलं. अधिकारी घोड्यावरून पडला तो मी तीन तऱ्हांनी पाडला. कटाव असा म्हटला की तबल्याला माझ्यामागे धावावं लागलं. वाढवलेल्या ओळी मी तिथल्या तिथे गाळल्या. गरिबांच्या चाळी जळल्या हे सांगितलं, पण जेवढं खरं आहे तेवढंच. आणि शेवटी तो कापडवाल्याच्या घरात जळून मरतो, तिथे मला रडू यायला हवं होतं. तालमीत दर वेळी यायचं. त्या दिवशी मी हसऱ्या चेहऱ्याने त्याला जाळला. आरतीनंतर काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अगं, छान झालं, पण तो बिचारा जळून मेला आणि तुझा चेहरा काय फुललेला!" मी म्हटलं, "काकू, त्याला मुक्ती मिळाली ना." दुसरं काय सांगणार?

गृहस्थ आले होते, गेल्या वर्षीचे. म्हणाले, "ताई, हे मात्र नवीन होतं. तो तबलजीचा प्रश्न आधी बसवला होता का?" मी म्हटलं, "हो, बरेच दिवस तालीम चालू होती."

परतताना गाडीत लेक मागे कानात इअरफोन घालून बसली. मी दार लावता लावताच म्हटलं, "आता सांगा."

त्यांनी सांगितलं. यार्डात सेफ्टीवाल्याचं एक लाल कुलूप असतं. एखादं मशीन कुणी चुकून चालू करू नये म्हणून तो त्याच्या स्विचला ते लावतो, आणि ज्याने लावलं त्यानेच ते काढायचं, मालकानेही हात लावायचा नाही, असा नियम आहे. दुपारची वेळ झाली तेव्हा यांनी शेडचा मेन स्विच खाली ओढला, त्याला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि उलट्या बादलीवर जाऊन बसले. वेल्डर बाहेर येऊन सावलीत आडवे झाले. मुदीर आला, ओरडला, कुलूप तोडतो म्हणाला. हे म्हणाले, तोडा. त्याने तोडलं नाही. बंदीची वेळ संपल्यावर यांनी उठून कुलूप काढलं. फोन उन्हात तापून कधीच बंद पडला होता. सुटायच्या वेळी मुदीरने केबिनबाहेर तासभर बसवून ठेवलं आणि मग आत बोलावून म्हणाला, "मेरे को लोड चाहिए, बस. मंडे से सुबह चार बजे चालू करो, बारा बजे बंद. खलास."

"एवढंच?" मी म्हणाले.

"एवढंच. चिडलाय. पण लोड मिळाला की विसरेल. पुढचं इन्शाल्ला."

"आणि तुम्हाला माझ्या पंडिताची आठवण झाली, होय ना? तालमी ऐकून ऐकून."

"पंडिताची?" ते हसले. "छे. तहान लागली होती फक्त."

मला बरंही वाटलं आणि थोडा रागही आला. इतके दिवस मी स्वतःला खात होते की माझ्या आख्यानाने माझं घर बुडवलं, आणि आख्यान बिचारं त्यांच्या डोक्यात शिरलंही नव्हतं. मी खिडकीबाहेर बघत बसले. मग राहवेना म्हणून विचारलंच, "पण गेली असती तर हो? नोकरी?"

"तेच तर तुला इतके दिवस विचारतोय मी."

"मला? कधी विचारलंत? तुम्ही आपले पंडितावर बोलत होतात."

"आणि तू?"

सिग्नल लाल होता. समोरून कामगारांची एक बस वळून गेली.

"गेली असती," मी म्हणाले, "तर आधी आठवडाभर मी तुमच्याशी बोलले नसते. मग काकूंकडून खोकी आणली असती. भांडी बांधली असती, हिच्या शाळेचं पुण्यात कुठे जमतंय ते बघितलं असतं, आणि तुमच्याबरोबर विमानात बसले असते. दुसरं काय करणार होते मी? कुलूप काढा असं काही सांगणार नव्हते."

सिग्नल हिरवा झाला, मागच्याने हॉर्न दिला. त्यांनी गाडी पुढे घेतली आणि थोडं गेल्यावर इंडिकेटर देऊन पेट्रोल पंपात शिरले. पेट्रोल भरायचं नव्हतं. हवा भरतात त्या कोपऱ्यात गाडी थांबवून ते स्टिअरिंगवर हात ठेवून बसले.

"लॉक एका झटक्यात नाही लागलं माझ्याच्याने," ते म्हणाले. "दोनदा किल्ली खाली पडली."

"मुदीर समोर होता ना."

"मुदीरला नव्हतो गं घाबरलो. घरी येऊन तुला काय सांगणार, त्याला."